न परतलेला खिमा

गॅस अजून पेटवू नका.

जाड बुडाचं पातेलं घ्या आणि थंड शेगडीवर ठेवा. त्यात लिटरभर पाणी ओता, गारच. शेजारी किलोभर खिमा, दोन कांदे, मसाल्यांचे डबे. हात धुवा. पुढचे चार तास कुठे जायचं नाही, हे स्वतःला एकदा सांगून टाका. मग जरा थांबा. पातेल्यातल्या पाण्याकडे बघा, ते हलायचं थांबेपर्यंत बघा.

आता स्वतःच्या हाताकडे लक्ष द्या. तो तेलाच्या बरणीकडे निघालाय. आधी तेल, मग कांदा, कांदा गुलाबी झाला की आलं-लसूण, मग खिमा, आणि मग बाजूने तेल सुटेपर्यंत परत, परत, परत. हे आपल्याला कुणी बसवून शिकवलेलं नसतं. बघून बघून ते मनगटात उतरलेलं असतं. आज त्या मनगटाला सुट्टी द्यायची आहे. आज परतायचं नाही.

आपण करतोय तो पदार्थ ओहायोतल्या सिनसिनाटी शहरातला. तिथे त्याला नुसतं 'चिली' म्हणतात. हॉट डॉगवर तो घातला की त्या हॉट डॉगला 'कोनी' म्हणायचं आणि वर किसलेलं चीज पडलं की 'चीज कोनी'. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडशी या नावापलीकडे त्याचा काही संबंध नाही. अशा कोनी अमेरिकेत आणखीही आहेत. डेट्रॉइटची पातळसर, फ्लिंटची जवळजवळ कोरडी, जिच्यात गुरांचं हृदयही बारीक करून घालतात. त्यांच्यावर ज्यांचा जीव आहे त्यांनी मला माफ करावं. मी ओहायोत राहतो, आणि मला सिनसिनाटीचीच येते.

हात भिजवा. खिम्यातला मूठभर गोळा उचला आणि पाण्याखाली न्या. पिळू नका. बोटं सैल सोडा आणि गोळा आपणहून सुटू द्या. हाताला काय जाणवतं ते बघा. आधी गारठा. मग बोटांच्या फटीतून निसटणारे दाणे. पाणी गढूळ गुलाबी होत जातं. एखादी गाठ राहिली तर ती अंगठ्याने हलकेच फोडा. सगळा खिमा असा सोडायला पाच-सात मिनिटं लागतात. या वेळात दुसरं काही करता येत नाही, कारण हात मांसाचे आहेत. फोन वाजला तरी उचलता येत नाही. या पाककृतीतला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो तो यामुळेच.

गार पाण्यात का, तर त्याला साधं कारण आहे. मांसातली प्रथिनं उष्णता लागली की घट्ट होतात आणि शेजारच्या कणाला धरून बसतात. खिमा गरम कढईत टाकला की त्याचे गोळे होतात ते म्हणून. मग आपण उलथन्याने त्यांना मारत बसतो. गार पाण्यात मात्र कण आधीच एकमेकांपासून सुटलेले असतात. आच हळूहळू चढते आणि प्रत्येक कण आपापल्या जागी, एकटा शिजतो. शेवटी हाती येतो तो खिमा इतका बारीक असतो की चमच्यावर रव्यासारखा पसरतो. पावावरून तो ओघळला पाहिजे, गडगडता कामा नये.

(मूळ पदार्थ गोमांसाचा आहे, हे सांगून टाकलेलं बरं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून बैलाच्याही आहे, आणि बंदी नसती तरी कित्येक घरांत ते पातेल्यात पडलं नसतं. मी बकऱ्याचा खिमा आणतो आणि खाटकाला दोनदा बारीक करायला सांगतो. तो दर वेळी विचारतो, सामोसे का? मी हो म्हणतो. समजावून सांगायला फार वेळ लागेल.)

आता पेटवा. आच मध्यमपेक्षा कमी.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं कठीण असतात. रंग राखाडी होतो. वर फेस येतो, मळकट, साबणाच्या पाण्यासारखा. वासही चांगला येत नाही, उकडलेल्या मांसाचा कोमट, ओशट वास येतो. परतलेल्या खिम्याचा जो खमंगपणा आपल्याला माहीत आहे, तो साधारण 140 अंशांच्या पुढे जोरात जमायला लागतो आणि पाणी 100 अंशांपाशी अडतं. म्हणजे या पातेल्यात तो खमंगपणा येणारच नाही. त्याची वाट बघू नका. फेस हवा तर काढा, मी अर्धाच काढतो. पातेल्यापाशी उभे राहा आणि जे दिसतंय ते तसंच दिसू द्या. मनात येईल की काहीतरी चुकलंय. काही चुकलेलं नाही.

पहिल्या वेळी मी मात्र चुकलो होतो. कृती नीट वाचूनही मला राहवलं नाही, म्हणून खिमा आधी तेलावर परतून घेतला आणि मग पाणी घातलं. शिवाय कृतीत 'चिली पावडर तीन मोठे चमचे' असं लिहिलं होतं, ते घरच्या लाल तिखटाचे घातले. जे झालं ते ना आपला खिमा होतं ना त्यांची चिली. नुसता ठसका. चिली पावडर म्हणजे तिखट नव्हे, हे मला डोळ्यांतून पाणी आल्यावर कळलं. ते मिश्रण असतं. सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण. टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावी विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने ते 1890 च्या दशकात बाजारात आणलं. त्याआधी सॅन अँटोनियोच्या चौकांत बायका संध्याकाळी कंदील लावून मोठ्या भांड्यांतून मिरचीतलं मांस विकायच्या. खरी चिली ती, असं टेक्सासची माणसं मानतात. सिनसिनाटीच्या पातेल्याला चिली म्हटलेलं ऐकलं तर ती हसतात किंवा चिडतात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

आता कांदा. अगदी बारीक चिरलेला, कच्चाच, सरळ पाण्यात. हे करताना तुम्हाला अपराधी वाटेल. वाटू द्या.

मग मसाले, एकेक करून. डबा उघडा, नाकाशी धरा, डोळे मिटा, आणि मगच घाला.

दालचिनी, पूड केलेली, एक छोटा चमचा. लवंगेची पूड, चमच्याचा चौथा भाग, त्याहून जास्त नको, नाहीतर दातांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतं. ऑलस्पाइस अर्धा चमचा. हे जमैकाचं मिरीसारखं दिसणारं फळ आहे, एकाच दाण्यात लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा वास. जिरेपूड एक चमचा. तमालपत्रं तीन-चार. इथे जरा थांबा आणि पान उजेडात धरा. मधोमध एकच शीर दिसली तर ते भूमध्य समुद्राकडचं पान. देठापासून टोकापर्यंत तीन शिरा गेलेल्या दिसल्या तर ते आपलं, दालचिनीच्या कुळातलं. मी आपलंच घालतो. दालचिनी थोडी वाढते, बिघडत काही नाही. मग लसूण, टोमॅटोची प्युरी 400 ग्रॅम, दोन मोठे चमचे व्हिनेगर, मीठ. कोणी बिनसाखरेच्या चॉकलेटचा सुपारीएवढा तुकडा घालतात. त्यावर सिनसिनाटीत भांडणं आहेत. मी घालतो.

शेवटी मिरची. मी ब्याडगी घेतो, तीन मोठे चमचे पूड. तिला रंग आहे आणि राग बेताचा आहे. ही मिरची मूळची अमेरिका खंडाची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याला उतरली आणि तिथून आपल्या सगळ्यांच्या घरांत शिरली. माझी पुडी कर्नाटकातून निघून न्यू जर्सीमार्गे इथे पोचलेली असते. चमचा पातेल्यावर उपडा करताना मनात येतं, या पातेल्यात परतलेलं एवढं एकच.

झाकण तिरपं ठेवा. आच एकदम मंद. वर एखादाच बुडबुडा यावा, फुटावा, मग दुसरा. तीन तास.

बसा. खुर्ची स्वयंपाकघरातच आणा. अर्ध्या तासाने तो ओशट वास कधी गेला हे तुमच्या लक्षात येणार नाही, फक्त आता तो नाही एवढं जाणवेल. त्या जागी दालचिनी आलेली असेल. मांसाच्या तिखट रश्शात दालचिनी आपल्यालाही नवी नाही, आपल्या गरम मसाल्यात ती असतेच. पण तिथे ती घोळक्यात असते. इथे ती पुढे उभी आहे, जवळजवळ गोडाच्या पदार्थात असते तशी. ही टेक्सासची सवय नव्हे. मग कुणाची?

सिनसिनाटीच्या व्हाइन रस्त्यावर एम्प्रेस नावाचं एक नाटकगृह होतं. नाच, विनोद, उघड्यावाघड्या गमतीजमती चालायच्या तिथे. त्याच्या शेजारी 1922 साली टॉम आणि जॉन किराजिएफ या भावांनी हॉट डॉगचं छोटं दुकान काढलं. त्यांची मूळ नावं अथानास आणि इव्हान. ते मॅसिडोनियातल्या ख्रुपिश्ता गावचे. तिकडे मांसाचा बारीक रस्सा दालचिनी-लवंग घालून करतात आणि मॅकरोनीवर ओततात. ग्रीक भाषेत त्याला 'साल्त्सा किमा' म्हणतात.

किमा. हा शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणा.

तुर्की भाषेत 'कीय्माक' म्हणजे बारीक चिरणं, आणि 'कीय्मा' म्हणजे बारीक चिरलेलं मांस. तो शब्द पश्चिमेला गेला तेव्हा ग्रीकांच्या तोंडी 'किमास' झाला. पूर्वेला फारसीचा हात धरून आला तेव्हा आपल्या तोंडी खिमा झाला. म्हणजे किराजिएफ बंधूंच्या गावी खाटकाकडे जाऊन मी खिमा मागितला असता, तर त्याला समजलं असतं. ओहायोतल्या माझ्या शेजाऱ्याला समजत नाही.

पण व्हाइन रस्त्यावर नाटक सुटल्यावर भुकेल्या गिऱ्हाइकाला 'साल्त्सा किमा घ्या' असं कोण सांगणार? अमेरिकेला तोवर चिली माहीत झाली होती. त्यांनी त्या रश्शाला चिली म्हटलं, हॉट डॉगवर ओतलं आणि कोनी म्हणून विकलं. मग तोच रस्सा स्पॅगेटीवर आला. सुरुवातीला स्पॅगेटी रश्शातच शिजवलेली असे. गिऱ्हाइकं म्हणाली, वरून घाला. त्यांनी वरून घातला. गिऱ्हाइकं म्हणाली, चीज हवं, चीज आलं. आजही सिनसिनाटीत स्पॅगेटी, चिली आणि चीज म्हणजे 'थ्री-वे'. कांदा किंवा राजमा वाढला की फोर-वे, दोन्ही वाढले की फाइव्ह-वे. गिऱ्हाइकाच्या इतक्या सगळ्या गोष्टी त्यांनी ऐकल्या. नाव बदललं, थाळी बदलली, वरचं आवरण बदललं. मसाला मात्र कुणी बदलायला सांगितला नाही, कारण तो कुणाला दिसलाच नाही.

पातेलं ढवळा. बुडाला लागतंय का, लाकडी चमचा फिरवून बघा. पाणी फार आटलं असेल तर कपभर गरम पाणी घाला. परत बसा.

1949 मध्ये तिथल्याच एका टेकडीवर निकोलस लाम्ब्रिनिडिस यांनी दुकान काढलं. तिथून शहराच्या इमारतींची रांग दिसायची म्हणून नाव ठेवलं स्कायलाइन. ते कास्तोरियाचे, म्हणजे ख्रुपिश्ताच्या अगदी शेजारच्या गावचे. 1965 मध्ये जॉर्डनहून आलेल्या दाऊद आडनावाच्या भावांनी गोल्ड स्टार सुरू केलं. त्यांच्याकडेही मांसात दालचिनी घालतातच. एका शहराची चव ठरवणारी ही माणसं कुठून कुठून आली, आणि दर वेळी दालचिनी घेऊनच आली.

ख्रुपिश्ताचं मात्र पुढे वेगळंच झालं. किराजिएफ भाऊ जन्मले तेव्हा ते गाव तुर्की साम्राज्यात होतं. 1912-13 च्या बाल्कन युद्धांनंतर ते ग्रीसकडे गेलं. नंतर त्याचं नावही बदललं, आज नकाशावर ते आर्गोस ओरेस्तिको आहे. भाऊ परतायचं म्हणाले असते तरी ज्या नावाच्या गावातून निघाले त्या नावाचं गाव उरलं नव्हतं.

या वाक्याशी थोडा वेळ थांबा. घाई नाही, अजून दीड तास आहे. तुम्ही जिथून निघालात ती एक जागा डोळ्यांसमोर आणा. घर, गल्ली, शाळेचं फाटक, काहीही. तिथे आता काय आहे? माझ्या बाबतीत दुधाच्या डेअरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि वाड्याच्या जागी वाड्याचंच नाव लावलेली सात मजली इमारत. तुमची जागा तुम्हाला माहीत. तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त ती दिसते तशी बघा आणि पातेल्याकडे परत या.

मी दोन वर्षांसाठी आलो होतो. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. शनिवारी सकाळी मी पातेलं चढवतो तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि आईचा फोन येतो. तिला सगळं सांगावं लागतं, काय करतोयस, किती घेतलंस, कुठून आणलंस. चिलीबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नीट परतलास ना?"

"नाही गं. हा परतायचा नसतो."

पलीकडे जरा शांतता. मग, "न परतता कसा लागेल तो?"

मी म्हटलं, वेगळा लागतो. ती म्हणाली, "मीठ बघ." आणि विषय दुसरीकडे गेला. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी चमचा हातात धरून उभा होतो. ती खिम्याबद्दलच बोलत होती, याची मला पूर्ण खात्री आहे.

तीन तास झाले. गॅस बंद करा. झाकण काढा. रस्सा आता गडद विटकरी दिसेल, वर तांबडी तर्री, आणि खिमा असा मऊ की दाताला कळणार नाही. चव बघा. मीठ लागेल. व्हिनेगरचे दोन-चार थेंबही लागतील कदाचित.

आणि आता खायचं नाही.

ही या मननातली सगळ्यात अवघड जागा. घरभर वास आहे, चार तास गेलेत, पोटात भूक आहे. तरी तमालपत्रं काढा, रस्सा पसरट भांड्यांत ओता म्हणजे लवकर निवेल, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. रात्री वरण-भात खा.

सकाळी भांडं उघडा. वर केशरी चरबीचा थर गोठलेला असेल. गोमांस असेल तर जाड, बकऱ्याचं असेल तर पातळ पापुद्र्यासारखा. त्याच्या कडेने चमचा फिरवा, तो एका तुकड्यात उचलला जातो. त्याचा आवाज ऐका, पातळ बर्फ मोडल्यासारखा. खालचा रस्सा आता थरथरत्या जेलीसारखा आहे. रात्रभरात मसाल्यांनी आपसात काय ठरवलं ते आपल्याला कळत नाही, पण काल वेगवेगळ्या लागणाऱ्या लवंग आणि दालचिनी आज वेगळ्या काढता येत नाहीत. दिवाळीच्या चिवड्याचं होतं तसंच काहीसं.

हे सगळं एका वाटीपुरतं नाही. हे दहा-बाराजणांचं आहे. उरलेलं डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवा. आजच्यापुरतं छोट्या पातेल्यात काढा आणि मंद आचेवर उकळी येईपर्यंत गरम करा. चमचा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसावा इतकं दाट ठेवा. स्पॅगेटीवर पातळ चालतं, पावात चालत नाही.

हॉट डॉगचं सॉसेज गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, उकळू नका. लांबट मऊ पाव वाफेवर धरा, इडलीपात्रात दीड मिनिट पुरतं. पाव तव्यावर भाजू नका. भाजलेल्या पावाला स्वतःचं काहीतरी म्हणायचं असतं आणि इथे ते ऐकायला कुणी बसलेलं नाही.

पाव उघडा. पिवळ्या मस्टर्डची एक रेघ. सॉसेज. त्यावर चिली, दोन मोठे चमचे, डावीकडून उजवीकडे सावकाश. बारीक चिरलेला कच्चा कांदा. मग चेडर चीज, केसासारखं बारीक किसलेलं, आणि तुम्हाला पुरेसं वाटेल त्याच्या दुप्पट. डोंगर झाला पाहिजे. खालच्या वाफेने त्याचा तळ वितळतो, शिखर तसंच गार, भुरभुरीत राहतं.

उचला. वजन जाणवू द्या. मान तिरकी करून खावं लागतं आणि पहिल्याच घासाला मनगटावरून ओघळ येतो, तोच ओघळ ज्यासाठी काल गार पाण्यात बोटं सोडली होती. आधी गार चीज लागतं, मग कांद्याची कुरकुर, मग मऊ, गरम, किंचित गोडसर काहीतरी, आणि गिळून झाल्यावर घशापाशी दालचिनी.

मी आईला फोटो पाठवला. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"हे पिवळं पिवळं काय आहे?"

"चीज आहे."

"आणि तो खिमा कुठाय?"

"खाली आहे गं."